फोटो घेऊन या, चहा आमच्याकडे: वाचनालयात गावाचा इतिहास कसा जमवावा

एका गुढीपाडव्याला मी हौसेनं वाचनालयाच्या दारावर फलक लावला: 'ऐतिहासिक कागदपत्रे व वस्तू येथे जमा कराव्यात.' महिनाभरात दोन माणसं आली. एकानं राणीछाप रुपया आणला आणि याचे किती येतील, ते विचारलं. दुसरे काका 'आमच्याकडं ऐतिहासिक असं काही नाही हो ताई' एवढंच सांगायला वाट वाकडी करून आले. या काकांच्या माळ्यावर पत्र्याची पेटी होती, हे मला दोन वर्षांनी कळलं. पेटीत वडिलांची गिरणीतली पगाराची पाकिटं, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या आणि थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या आहेराची यादी. कुणी किती रुपये, कुणी पितळी तांब्या, कुणी नुसता नारळ, सगळं ओळीनं. काकांच्या लेखी इतिहास म्हणजे तलवार आणि ताम्रपट. पेटी म्हणजे अडगळ.

म्हणून पहिली सूचना: 'ऐतिहासिक' हा शब्द फलकावरून काढा. त्या शब्दानं माणसं दबकतात.

मी अमळनेरची. गावात नावाजलेली ग्रंथालयं आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. आमचं आपलं दोन खोल्यांचं वाचनालय. देवघेवीच्या टेबलावर मी, झाडलोटीपासून टपालापर्यंत सगळं बघणारा एक मदतनीस, आणि संध्याकाळी वर्तमानपत्रांवरून भांडणारे दहा-बारा ज्येष्ठ. तरीही आज आमच्याकडं गावाविषयीचं एक कपाट आहे, आणि परगावचे विद्यार्थी ते बघायला येतात. ते कसं भरलं, कुठं चुकलं, ते सांगते. तुमच्या तालुक्यात गिरणी नसेल तर साखर कारखाना असेल, बंदर असेल, नुसता आठवडी बाजार असेल. रीत तीच.

आधी स्वतःचं घर धुंडाळा

बाहेर हात पसरण्याआधी स्वतःच्या वाचनालयात शोधा. आम्हाला पहिला ऐवज सापडला तो एका फाटक्या कादंबरीच्या कव्हरात. पूर्वी हाताला लागेल त्या कागदाचं कव्हर घालत. ते उलटून बघितलं तर आत नाटकाची गुलाबी हस्तपत्रिका: तिकिटाचे दर, 'स्त्रियांसाठी बसण्याची स्वतंत्र सोय', खाली छापखान्याचं नाव. त्या आठवड्यात आम्ही सगळ्या जुन्या पुस्तकांची कव्हरं उलटून बघितली. पुस्तकांत विसरलेल्या खुणाही काढल्या: एसटीची तिकिटं, रेशनच्या चिठ्ठ्या, एक पोस्टकार्ड. कोणती वस्तू कोणत्या पुस्तकात मिळाली, ते लगेच पेन्सिलीनं लिहून ठेवा. नंतर आठवत नाही.

मग दाखलनोंद रजिस्टर. कोणत्या साली कोणती पुस्तकं घेतली आणि कोणी देणगी दिली, हे त्यात आयतं मिळतं. जुनी सभेची प्रोसिडिंग बुकंही काढा. कुणाच्या दुखवट्याचा ठराव झाला, दिवाबत्तीचा खर्च कधी वाढला, बायकांना सभासद करून घेण्यावर कोण काय बोललं, हा गावाचाच इतिहास आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली आला, पण वाचनालयं त्याच्या किती तरी आधीची आहेत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. तुमचं इतकं जुनं नसेल, पण पन्नास वर्षांचं असलं तरी रजिस्टरं बोलतात.

काय घ्यायचं, काय नाही

घ्या: यात्रेची पत्रकं, गणेश मंडळांचे जमाखर्च, शाळांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, निवडणुकीची हँडबिलं, दुकानांची बिलबुकं, छापखान्यांचे नमुने, खासगी पत्रं, फोटो.

नाणी, मूर्ती, शस्त्रं घेऊ नका. एक तर सांभाळता येत नाहीत. दुसरं म्हणजे शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं पुरावशेषांच्या १९७२च्या कायद्यात येतात. कुणी शेतात सापडलेली मूर्ती घेऊन आलं, तर तिच्या मागं तहसील आणि पुरातत्त्व खात्याची कामं लागतात. त्यांना तिकडची वाट दाखवा आणि चहा पाजून मोकळे व्हा.

आमच्या गावापुरती एक जास्तीची खबरदारी. आज विप्रो म्हणून जगाला माहीत असलेली कंपनी १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली. गावात कित्येकांनी तेव्हा आणि पुढं तिचे शेअर घेतले, आणि ते कागद अजून ट्रंकांमधून निघतात. तुपाचे रिकामे डबे तर धान्याला वापरून वापरून पोचे पडलेले. डब्याचा फोटो खुशाल काढा. शेअरचा कागद, बँकेचं पासबुक, जमिनीचा उतारा मात्र स्कॅन करण्याआधी क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवा, आणि असली चित्रं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कधीच टाकू नका. एकदा आमच्या मदतनीसानं कौतुकानं टाकला. मालकांच्या पुतण्यांचा त्याच रात्री फोन: 'हा कागद होता, हे आम्हाला का नाही सांगितलं?' वाचनालय वाटणीच्या भांडणात पडता पडता वाचलं.

फोटोंचा दिवस

आमचं कपाट भरलं ते या एका कार्यक्रमानं. व्याख्यानाला माणसं ऐकायला येतात आणि उठून जातात. फोटो घेऊन आलेला माणूस बोलायला येतो.

दिवस नीट निवडा. वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो, बोरीच्या वाळवंटात यात्रा भरते. माहेरवाशिणी आलेल्या असतात, सुरत-पुण्याला गेलेली मंडळीही घरी असतात. रथाच्या दिवशी कुणी येणार नाही. आम्ही आदल्या दिवसाची सकाळ धरतो, आठ ते अकरा. त्यानंतर खानदेशातलं ऊन माणसाला दाराबाहेर पडू देत नाही.

फलकावर एवढंच लिहा: 'घरातले जुने फोटो घेऊन या. इथंच कॉपी काढून अर्ध्या तासात परत. चहा आमच्याकडे.' 'परत' हा शब्द मोठ्या अक्षरात. लोक देत नाहीत ते कंजूषपणामुळं नाही. पूर्वी कुणी तरी स्मरणिकेसाठी म्हणून आजोबांचा एकुलता एक फोटो नेलेला असतो आणि तो आलेला नसतो. प्रत्येक घरात ही एक जखम आहे. त्यामुळं आमचा नियमच: मूळ प्रत घरी जाते, आमच्याकडं नक्कल आणि माहिती राहते. कुणी आपणहून मूळ दिलंच तर लेखी घ्या आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारून घ्या.

तीन टेबलं लागतात. पहिल्यावर नोंद: आणणाऱ्याचं नाव, फोटो किती, पावती क्रमांक. दुसऱ्यावर स्कॅनर. पाच-सहा हजारांचा साधा फ्लॅटबेड चालतो. पोस्टकार्डाएवढ्या किंवा त्याहून लहान फोटोला ६०० डीपीआय, मोठ्या कागदाला ३०० पुरतो. अल्बममध्ये चिकटलेला फोटो ओढून काढू नका. अल्बमचं अख्खं पान खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, वरून टिपा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, 'चि. सौ. का.'ची ओळ, सगळं मागंच असतं.

तिसरं टेबल गप्पांचं. इथं तुमचं सगळ्यात धीराचं माणूस बसवा. आमच्याकडं एक निवृत्त बाई बसतात, शाळेत शिकवायच्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कान धरून उभं केलंय, त्यामुळं खोटं कुणी बोलत नाही.

समूहाचा फोटो आला की काय करायचं, ते जरा सावकाश सांगते, कारण इथंच सगळे घाई करतात. मागच्या खेपेला गिरणीच्या एका खात्यातल्या कामगारांचा फोटो आला. तीन रांगा, एकूण सत्तावीस डोकी, पुढं जमिनीवर दोन मुलं बसलेली, एकाच्या हातात पाटी. 'डावीकडून तिसरे' असं लिहीत बसलात तर दुसऱ्या रांगेत गोंधळ ठरलेला. फोटोवर बटर पेपर ठेवा आणि पेन्सिल न दाबता प्रत्येक डोक्याची नुसती गोल रेघ काढा. कागद उचलून टेबलावर घ्या, मग त्या गोलांत आकडे भरा. फोटोवर कागद असताना आकडे लिहू नका, दाब उमटतो. खाली यादी: १ अमुक, २ अमुक, ३ माहीत नाही. 'माहीत नाही' लिहायला लाजू नका. आणणाऱ्या आजींना सत्तावीसातले चार माहीत होते. बटर पेपर गप्पांच्या टेबलावर ठेवला, तर अकरापर्यंत तेरा नावं झाली. पाटीवाला मुलगा स्वतःच चहा घेत शेजारी उभा होता, आता वय ऐंशीच्या घरात. पाटीवर काय लिहिलं होतं, तेही त्यानं सांगितलं: खात्याचं नाव. त्याला लिहिता येत नव्हतं, फोटोवाल्यानं लिहून हातात दिली.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी उत्साहानं फोटोंच्या मागं बॉलपेननं क्रमांक घातले. पुढून बघितलं तर एका लग्नाच्या फोटोत नवरीच्या कपाळावर '१४'चा वळ. तो जात नाही. त्या घरी मी पेढे घेऊन माफी मागायला गेले, आणि ते लोक भले म्हणून निभावलं. मूळ फोटोवर काहीच लिहू नका. पाकिटावर लिहा, तेही फोटो आत घालण्याआधी. स्वतःच्या मालकीच्या कागदावर लिहायचंच झालं तर २बी पेन्सिल, कडेला, हलक्या हातानं.

क्रमांक सोपा ठेवा: २०२३/०१४, म्हणजे २०२३ सालातली चौदावी नोंद. संगणकातल्या फाइलला तोच, पाकिटाला तोच, पावतीवर तोच. एका सभासदानं आम्हाला विषयवार संकेतांची फार देखणी पद्धत करून दिली होती. ती फक्त त्यालाच कळायची आणि त्याची बदली झाली.

पावतीवर खाली दोन चौकटी छापून घ्या. एक: 'वाचनालयात दाखवायला हरकत नाही.' दुसरी: 'छापायला किंवा इंटरनेटवर टाकायला हरकत नाही.' दोन्हींवर वेगवेगळी सही. पुष्कळ जण पहिलीवर करतात, दुसरीवर करत नाहीत. त्यांचा मान ठेवा.

बोललेलं टिपणं

'तुमच्या काळचा इतिहास सांगा' म्हटलं की माणूस भाषण करतो. 'गिरणीत डबा कोण आणायचं?' असं विचारलं की बोलायला लागतो. भोंग्यावर अख्ख्या गावाचं घड्याळ चालायचं, तेव्हा आमचा ठरलेला पहिला प्रश्न भोंग्याचा. एक आजी म्हणाल्या, 'भोंगा वाजना का माय चुल्हा पेटाडे.' या एका वाक्यात सगळी सकाळ आहे.

हे वाक्य आहे तसं अहिराणीतच उतरवा. आमच्या एका स्वयंसेवकानं पहिल्या चार मुलाखती 'शुद्ध' करून लिहिल्या. भोंगा वाजताच आई चूल पेटवीत असे, वगैरे. वाचून आजींचा नातू म्हणाला, ही आमची आजी नाही. सगळं परत ऐकून लिहावं लागलं. कठीण शब्दांचा अर्थ खाली द्या, वाक्याला हात लावू नका. जिथं वऱ्हाडी, मालवणी, कोकणी, गोंडी बोलतात, तिथंही हेच.

फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन टेबलावर घडी केलेल्या रुमालावर ठेवा, नाही तर कपबशीचा प्रत्येक आवाज मुलाखतीपेक्षा मोठा येतो. सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं मोठ्यानं बोला. तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास लागतात, तेव्हा एका महिन्यात दोनच मुलाखती ठरवा. बायकांची मुलाखत घरातले पुरुष समोर असताना घेऊ नका. प्रश्न तिला आणि उत्तर त्यांचं, असं होतं. हळदीकुंकवाच्या दिवशी वाचनालयाची आतली खोली आम्ही खास यासाठी रिकामी ठेवतो. 'हे लिहू नको बरं का' असं म्हटलं, तर खरंच लिहू नका.

गॅझेटियर मोठ्यानं वाचा

गॅझेटियर म्हणजे इंग्रज सरकारनं जिल्ह्याजिल्ह्याची माहिती जमवून छापलेला ग्रंथ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशाचा बारावा खंड १८८० साली निघाला. जुनी गॅझेटियरं राज्याच्या दर्शनिका विभागानं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. तुमच्या जिल्ह्याचा खंड काढा, गावाविषयीची दोन पानं मराठीत उतरवा आणि एका रविवारी दहा-पंधरा जणांत मोठ्यानं वाचा. भिंतीवर गावाचा हातानं काढलेला मोठा नकाशा लावा. परिच्छेद संपला की थांबा. 'ही वेस म्हणजे आत्ताची कुठली?' यावर तासभर वाद होतो, आणि त्या वादात तुमच्या वहीची चार पानं भरतात. ते पुस्तक सरकारी अंमलदारांनी जमाबंदीच्या नजरेनं लिहिलंय, तेव्हा जाती-जमातींबद्दलची त्यातली विधानं जशीच्या तशी भिंतीवर डकवू नका. वाचा, पण ही नजर कुणाची, तेही सांगा.

मुलांसाठी याहून सोपं: सुट्टीत 'आमची गल्ली' नावाचं हस्तलिखित. या गावात साने गुरुजींनी प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं, तेव्हा परंपरा घरचीच आहे. एकेक मूल एकेक घर घेतं: घर कुणी बांधलं, आधी तिथं काय होतं, ओटा कधी पाडला.

कागद जगवायचा तर

लॅमिनेशन करू नका. हे एवढं वाक्य फळ्यावर लिहून ठेवा. गरम प्लॅस्टिकमध्ये अडकलेला कागद पुन्हा बाहेर येत नाही. सेलोटेप नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. टाचण्या आणि रबरबँड काढून टाका, टाचणी गंजते. वर्तमानपत्राचा कागद स्वतःच आम्ल धरतो आणि शेजारच्यालाही डागाळतो, म्हणून कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून तीच फाइलला लावा.

कपाट लोखंडी, भिंतीपासून चार बोटं लांब, खालचा कप्पा रिकामा. वाळवी खालून येते आणि पाणीही. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत तर ठेवूच नका. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसला टेकतो, फोटो वाळक्या पानासारखे वळतात. कडुनिंबाचा पाला चालतो, पण पुरता वाळलेला आणि मलमलीच्या पिशवीत, कागदाला न लागता. डांबरगोळ्या बंद खोलीत बसणाऱ्या माणसाला बऱ्या नव्हेत, मी सोडल्या. कसर लागली का, ते दर महिन्याच्या एक तारखेला बघायचं आणि बघितल्याची सही करायची. भिजलेला कागद उन्हात घालू नका. टीपकागद मधे घालून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर.

मोडीचा रुमाल आला, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, तर गाठ सोडण्याआधी फोटो काढा. कागदांचा क्रम हीसुद्धा माहिती असते. घडी कडक झाली असेल तर उलगडू नका. वाचणारा शोधा. आमच्यापासून तासाभरावर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून दप्तरं मिळवत हिंडले, १९२६च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले, आणि दुसऱ्याच वर्षी तिथं मंडळ उभं राहिलं. तुमच्या जवळ असं कुठलं मंडळ आहे, ते बघा.

स्कॅन केलेल्या फाइलींच्या तीन प्रती: एक वाचनालयात, एक बाह्य हार्डडिस्कवर दुसऱ्या कुणाच्या घरी, एक ऑनलाइन. पेनड्राइव्ह ही ने-आण करायची वस्तू आहे, ठेवायची नाही.

आजचंही उचला

फेब्रुवारी २०२४मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरात झालं, १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी. १९५२च्या संमेलनाचं गावात काय उरलंय ते शोधताना माझी दमछाक झाली होती. म्हणून या वेळी दोन मुलांना कापडी पिशव्या देऊन पाठवलं: पास, भोजनाची कुपनं, स्वयंसेवकांचे बिल्ले, पुस्तकांच्या गाळ्यांवरची पत्रकं, सगळं आणा. त्याच दिवसांत गावात विद्रोही साहित्य संमेलनही होतं. तिथंही तीच पिशवी, तीच मुलं. काहींनी नाकं मुरडली, दोन्ही मांडवांतल्यांनी. कपाटाला बाजू नसते, असं म्हणून मी दोन्ही पिशव्या एकाच कप्प्यात ठेवल्या.

जमलेलं कपाटात कोंडू नका. दाराजवळ एक बोर्ड, त्यावर महिन्याला एक ओळख न पटलेल्या फोटोची नक्कल, बाजूला दोरीला बांधलेली पेन्सिल आणि चिठ्ठ्या. सध्या २०२३/०४१ लावलाय: स्टेशनच्या ओट्यावर उभा, मिटलेली छत्री काखेत धरलेला, टोपीवाला माणूस. आतापर्यंत तीन चिठ्ठ्या आल्यात, तिन्हींवर वेगळी नावं, आणि तिघेही शपथेवर सांगतात. तिन्ही पाकिटात घातल्यात, प्रत्येकीवर तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव. पेन्सिलीचं टोक काल कुणी तरी मोडलंय, ते आज करून ठेवायचंय.